ट्रॅक्टरचा छोटा बॅकहो: विकत घ्यावा की जेसीबी बोलवावा?

जमीन माणगावला, मुरबाडला, पेणला नाहीतर थेट राजापूरला, आणि राहायला डोंबिवली किंवा दहिसर. अशा मुंबईकरांच्या डोक्यात निवृत्ती जवळ आली की एक यंत्र हमखास घोळायला लागतं: छोटा ट्रॅक्टर, पुढे लोडरची बकेट आणि मागे खोदणारा हात, म्हणजे बॅकहो. दर वेळी जेसीबीवाल्याच्या मिनतवाऱ्या कोण करणार, आपलंच असलेलं बरं, असं त्यामागे असतं. इच्छा समजण्यासारखी आहे. पण तिच्या समर्थनार्थ जो हिशेब मांडला जातो तो बहुतेक वेळा असा असतो: जेसीबी तासाला बाराशे घेतो, वर्षाला शंभर तास काम निघतं, म्हणजे एक लाख वीस हजार वाचले. यात दोन्ही यंत्रांचा तास सारखाच धरलाय. गोची तिथेच आहे.

रस्तोरस्ती दिसणारी जेसीबी थ्रीडीएक्स साधारण साडेसात टनांची, पाऊणशे हॉर्सपॉवरच्या आसपासची. तिचा मागचा हात पंधरा फुटांखाली जातो आणि मागच्या बकेटमध्ये एका वेळी अडीचशे लिटरच्या वर माती येते. २४ ते ३० हॉर्सपॉवरचा छोटा ट्रॅक्टर जेमतेम पाऊण ते एक टन वजनाचा. त्याला झेपेल असा बॅकहो सहा-सात फूट खोल जातो आणि त्याच्या फूटभर रुंद बकेटमध्ये ४० लिटरच्या आसपास माती बसते. खोदा, उचला, वळवा, ओता, परत या, ही फेरी दोघांचीही अर्ध्या मिनिटाच्या आतबाहेरची.

आता ब्रासमध्ये मोजू. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर. जमिनीतून सुटली की माती फुगते, सव्वापट धरा. म्हणजे एक ब्रास खड्डा करायला छोट्याला नव्वदेक बकेट उपसाव्या लागतात, मोठ्याला चौदा. छोट्याची पाऊण तासाची मेहनत मोठा सात-आठ मिनिटांत उरकतो. फरक सहापटीचा आहे. छोट्याला झुकतं माप देऊन आपण पाचपट धरू. मोठ्याचा एक तास म्हणजे आपले पाच.

जोर कुठून येतो

बकेट लहान आहे एवढंच कारण नाही. हायड्रॉलिकचा जोर म्हणजे तेलाचा दाब गुणिले जॅकच्या पिस्टनचं क्षेत्रफळ. जॅक म्हणजे तेलाच्या दाबाने हात हलवणारा दांडा. ६३ मिलीमीटर व्यासाच्या पिस्टनचं क्षेत्रफळ सुमारे ३१ चौरस सेंटिमीटर भरतं. १५० बार दाबाला असा जॅक पावणेपाच टनांच्या जोराने ढकलतो. आकडा ऐकायला जबरदस्त वाटतो, पण लांब हातामुळे तरफेचा हिशेब उलटा पडतो आणि बकेटच्या दातांपर्यंत त्यातला थोडाच हिस्सा पोचतो, टनाच्या आसपास. आता ट्रॅक्टरच पाऊण टनाचा असेल तर? दात कठीण मुरुमात रुतले की माती हलत नाही, ट्रॅक्टर खड्ड्याकडे सरकतो. म्हणून बॅकहोचे जमिनीवर टेकणारे दोन पाय नीट रोवावे लागतात आणि पुढच्या लोडरची बकेट जमिनीत दाबून ठेवावी लागते. लोडर नसलेल्या हलक्या ट्रॅक्टरला नुसता बॅकहो जोडायचा विचार असेल तर तो सोडून द्यावा.

वेगाचंही तसंच. जॅक किती जोराने ढकलेल ते दाबावर ठरतं, किती भरभर हलेल ते तेलाच्या प्रवाहावर. मिनिटाला २० लिटर तेल मिळालं तर वर सांगितलेला जॅक सेकंदाला दहा-अकरा सेंटिमीटर सरकतो. एकाच वेळी दोन जॅक चालवले की तेल वाटलं जातं आणि हात संथ होतो. लहान ट्रॅक्टरचा स्वतःचा पंप मुळात नांगर उचलण्यापुरता असतो. चांगल्या जोडणीत पीटीओवर, म्हणजे अवजारं फिरवणाऱ्या ट्रॅक्टरच्या मागच्या दांड्यावर, चालणारा वेगळा पंप आणि तेलाची वेगळी टाकी असते. विकणाऱ्याला हा प्रश्न पहिला विचारा: तेल कुठलं वापरणार, ट्रॅक्टरचं की वेगळं? ट्रॅक्टरचंच असेल तर बॅकहोच्या फुटलेल्या होजमधून (तेलाच्या रबरी नळीतून) येणारा कचरा पुढे गिअरबॉक्सपर्यंत जाऊ शकतो.

रुपयांचा हिशेब

खालचे आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत. तुमच्या गावचे भाव घालून गणित पुन्हा करा, रीत तीच राहील.

समजा ट्रॅक्टर आधीच आहे आणि बॅकहोची जोडणी पाच लाखांना पडते. आठ वर्षांनी ती दीड लाखाला गेली. साडेतीन लाख आठ वर्षांत विरले, म्हणजे वर्षाला ४४ हजार. अडकलेल्या पैशावर ९ टक्के व्याज धरलं तर सरासरी सव्वातीन लाखांवर वर्षाला २९ हजार. हे कर्ज काढलं नाही तरी धरायचं, कारण तोच पैसा मुदत ठेवीत असता तर काहीतरी देऊन गेला असता. होज, सांध्यांतल्या पिना आणि त्यांच्या बुश, तेल, फिल्टर, शेड, विमा यांचे १७ हजार. झाले वर्षाचे ९० हजार. यंत्र शेडमध्ये झोपून राहिलं तरी हे जाणारच.

आता चालवण्याचा खर्च. तासाला ३ लिटर डिझेल, लिटरला ९० रुपयांनी २७०. ऑपरेटरचे १५०. दातांची आणि बुशांची झीज ८०. तासाला ५००.

भाड्याची जेसीबी डिझेल-ऑपरेटरसकट तासाला १२०० घेते असं धरा. तिच्या एका तासाचं काम करायला आपल्याला पाच तास लागतात, म्हणजे अडीच हजार रुपये. नीट पाहा: वर्षाचे ते ९० हजार आपण यात अजून धरलेच नाहीत. यंत्र कोणी फुकट दिलं तरी नुसत्या मातीच्या हिशेबात छोटा बॅकहो मोठ्या जेसीबीपुढे महागच पडतो. त्यामुळे ‘माझं खूप काम आहे, म्हणून स्वतःचं घेतो’ हा युक्तिवाद उलटा आहे. काम जितकं एकगठ्ठा आणि मोठं, तितकं ते भाड्यानेच करायचं. ३० बाय ३० मीटरचं, ३ मीटर खोल शेततळं छोट्या बॅकहोने खणायला बसलात तर पुढचा पाऊस त्यातच भरेल.

मग छोटा जिंकतो कुठे? जिथे काम विखुरलेलं असतं तिथे. वीस मिनिटांच्या कामासाठी जेसीबी बोलावली तर गाडी निघाली की कमीत कमी दोन-तीन तासांचे पैसे मोजावे लागतात, लांबून येत असेल तर येण्याजाण्याचे वेगळे. तीन तास धरले तर ३६०० रुपये. तेच काम आपण शंभरेक मिनिटांत सव्वाआठशे-साडेआठशेत करतो. एका वेळेला पावणेतीन हजार वाचले. वर्षाचे ९० हजार भरून यायला अशी तेहतीसेक सुटी सुटी कामं हवीत. आमच्याकडे पावसाचे चार महिने ट्रॅक्टर खाचरात रुततो, ते वजा करा. उरलेल्या आठ महिन्यांत महिन्याला चार. पाइप फुटला, बांध ढासळला, शोषखड्डा हवाय, मेलेल्या काजूचं खोड उपटायचंय, अशी.

निर्णयाचा गाभा हाच आहे. तास मोजू नका, जेसीबी किती वेळा बोलवावी लागली असती ते मोजा. चार छोटी कामं साठवून एकाच दिवशी जेसीबी बोलावता येत असेल तर ते चारऐवजी एकच धरायचं. आणि इथे आपण स्वतःशी फार उदार असतो: ‘महिन्याला चार तर सहज निघतील’ म्हणणाऱ्याने गेल्या वर्षीच्या भाड्याच्या पावत्या काढून बघाव्यात.

अरुंद चर हा यातला खास प्रकार. ठिबकच्या मुख्य लाइनसाठी २०० फूट लांब, दीड फूट खोल चर काढायचाय. छोट्याची बकेट फूटभर रुंद, म्हणजे ३०० घनफूट माती. मोठ्या जेसीबीची नेहमीची बकेट अडीच फुटांची, म्हणजे ७५० घनफूट. मोठी मशीन इथे अडीचपट माती उगाच उकरते आणि ती परत बुजवावीही लागते. पाचपटीचा फरक दुपटीवर येतो आणि खर्च जवळपास सारखा पडतो. मोठीलाही अरुंद बकेट मिळते, पण गावातला ऑपरेटर ती बदलून आणेल याची खात्री धरू नका. आंब्या-काजूच्या वाढलेल्या बागेत तर मोठ्या मशीनला वळायलाच जागा नसते. ती शिरते, पण दोन फांद्या आणि एक गडगा घेऊन बाहेर येते.

खाली काय आहे त्यावर

कोकणातली लाल माती फसवी आहे. वर दोन फूट मऊ, खाली जांभा. जांभा जमिनीखाली ओलसर असतो तोवर कापता येतो, म्हणून तर चिरे पाडता येतात. वारा-ऊन लागलं की तो घट्ट होतो, आणि सड्यावरचा उघडा कातळ म्हणजे या यंत्राची हद्द संपली. तिथे दात नुसते ओरखडे काढतात. दगड फोडणारा ब्रेकर लागतो, आणि ब्रेकर चालवायला मोठं यंत्र. आंब्याच्या कलमांसाठी १० बाय १० मीटर अंतरावर मीटरभर लांब-रुंद-खोल खड्डे काढायची शिफारस असते. एकरी चाळीस खड्डे, चाळीस घनमीटर, म्हणजे चौदा ब्रास. मातीची जमीन असेल तर छोटा बॅकहो ते दोन-तीन दिवसांत करेल. कातळ असेल तर एकही करणार नाही.

मोसमही बघायला हवा. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ओल असते, जमीन ट्रॅक्टर पेलते आणि दात सहज शिरतात. मेमध्ये तीच जमीन दगड झालेली असते. आपल्याला मात्र सगळी कामं मेमध्येच आठवतात, कारण मुलांना सुट्टी तेव्हा असते.

नुसती झाडं लावायची असतील किंवा कुंपणाचे खांब रोवायचे असतील तर पीटीओवरचा खड्डे पाडणारा ऑगर बॅकहोच्या किमतीच्या छोट्याशा भागात मिळतो. अनेकांची गरज तिथेच भागते.

जोडणी कशी आहे ते आधी बघा

या एका बाबतीत पैसे वाचवू नयेत. छोट्या ट्रॅक्टरला ट्रकसारखी वेगळी चासी नसते. इंजिन, क्लच, गिअरबॉक्स, मागचा एक्सल यांची कवचं एकमेकांना बोल्टने जोडलेली असतात आणि तोच त्याचा कणा. बॅकहो नुसता मागच्या थ्री-पॉइंटला, म्हणजे नांगर वगैरे जोडायच्या तीन सांध्यांना, अडकवला की खोदण्याचा सगळा धक्का मागच्या कवचावर आणि त्याच्या बोल्टवर येतो. कालांतराने कवचाला तडा जातो, आणि त्याची दुरुस्ती म्हणजे ट्रॅक्टर मधून उघडणं. चांगल्या जोडणीत पोटाखालून पुढच्या एक्सलपर्यंत जाणारी पोलादी चौकट असते. धक्का तिच्यात वाटला जातो.

जीवाचाही प्रश्न आहे. थ्री-पॉइंटचे खालचे हात वरच्या दिशेने मोकळे असतात, नांगरासाठी तेच योग्य. बॅकहोने जमिनीवर दाब दिला की अख्खा बॅकहो वर उचलला जाऊ शकतो आणि ऑपरेटर त्याच्या सीटसकट ट्रॅक्टरच्या मागच्या बाजूवर चेपला जातो. वर जाणं रोखणारी कडक पट्टी नसेल तर ते यंत्र घेऊ नका, कितीही स्वस्त असो. ट्रॅक्टरच्या कंपनीकडून लेखी घ्या की या जोडणीने वॉरंटी जात नाही. डीलर तोंडी ‘काही होत नाही’ म्हणेल, ते कागदावर मागितलं की त्याचा आवाज बदलतो.

खड्ड्यात माणूस उतरणार असेल तर दीड मीटरपेक्षा खोल चराच्या भिंतींना आधार द्यायचा किंवा त्या तिरप्या कापायच्या. उकरलेली माती काठापासून किमान दीड मीटर लांब टाकायची. पावसाळ्यानंतरची लाल माती कोणतीही सूचना न देता ढासळते.

मुंबईत राहून गावचं यंत्र

मुंबईकराचं गणित इथे सर्वांत जास्त फसतं. छोटा बॅकहो विखुरलेल्या कामांवर परवडतो, आणि विखुरलेली कामं त्यालाच मिळतात जो तिथे राहतो. तुम्ही शनिवारी पोचणार, रविवारी निघणार. मध्ये २०११ पासून चौपदरी होत असलेला मुंबई-गोवा महामार्ग. बांध मंगळवारी फुटला तर शेजारचा काका शनिवारपर्यंत थांबत नाही, तो जेसीबीवाल्याला फोन करतो आणि बिल तुम्हाला पाठवतो. त्याचं बरोबरच आहे.

गावात भरवशाचा ऑपरेटर असेल, भाऊ किंवा पुतण्या तिथेच शेती करत असेल, तर चित्र बदलतं. मग यंत्र खरं त्याचं असतं आणि त्यालाच विचारून घ्यावं. तो नको म्हणाला तर त्याच्याकडे कारण असणार.

नुसतं उभं राहणंही यंत्राला मानवत नाही. किनाऱ्याजवळच्या खाऱ्या हवेत जॅकच्या चकचकीत दांड्यांवर गंजाचे टिपके उठतात, मग त्या टिपक्यांनी तेल अडवणारं सील फाटतं आणि तेल गळायला लागतं. पावसाआधी शक्य तेवढे जॅक आत ओढून ठेवायचे, बाहेर राहिलेल्या दांडीवर ग्रीस थापायचं. उंदीर वायरिंग कुरतडतात, बॅटरी उतरते. आणि चालू मोसमात आठ-दहा तासांच्या कामामागे प्रत्येक पिनेला ग्रीस. हे करायला कंटाळणाऱ्याने भाड्याचंच बघावं.

‘नसेल काम तेव्हा भाड्याने फिरवू’ हे वाक्य घरोघरी ऐकू येतं. कोणाला? ब्रासमागे तुम्ही महाग आहात हे आपण वर पाहिलं, आणि ते गावाला गणित न करताही कळतं. शिवाय शेतीसाठी नोंदवलेला ट्रॅक्टर बांधकामावर भाड्याने लावलात आणि अपघात झाला, तर विमा कंपनी आधी वापर कशासाठी होता ते विचारते. माती-मुरूम उचलून बाहेर नेणार असाल तर ते गौण खनिज आहे, स्वामित्वधन (रॉयल्टी) भरून परवाना लागतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ प्रमाणे विनापरवाना उत्खननाला बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो आणि यंत्र जप्तही होऊ शकतं. त्याच जागेवर उकरून त्याच जागेवर सपाटीला वापरलेल्या मातीची गोष्ट वेगळी. २०१४ मध्ये पुण्याच्या बांधकाम व्यावसायिकांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो फरक मान्य केला. तरी तलाठ्याशी आधी बोललेलं बरं. ट्रॅक्टरच्या अनुदानाचा विचार असेल तर राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज होतो, पण सातबारा तुमच्या नावावर लागतो. मुंबईकरांच्या सातबाऱ्यावर आजोबांपासूनची सतरा नावं असतात, ते काम बॅकहोपेक्षा खोल आहे.

खुद्द मुंबई शहरात छोटी कंत्राटं घेणाऱ्यांसाठी थोडक्यात: इथे माती कमी आणि काँक्रीट, डांबर, केबल, गॅसची लाइन, पाण्याची लाइन जास्त. ब्रेकरशिवाय रस्ता उघडत नाही आणि लाइनच्या जवळ शेवटचं खोदकाम हातानेच करावं लागतं. पावसाळ्यात नव्या चरांना पालिकेची परवानगी सहसा मिळत नाही. कोळीवाड्या-गावठाणांच्या गल्लीत ट्रॅक्टर आणि त्याच्या मागे बॅकहो ही लांबी वळतच नाही. तिथे रबरी पट्ट्यांवर चालणारा दीड-दोन टनी मिनी एक्सकॅव्हेटर जास्त कामाचा, तोही आधी भाड्याने.

एवढं करूनही घ्यायचं ठरलं आणि जुना मिळत असेल, तर मालकाला दुपारी गाठा, सकाळी नको. गार तेल घट्ट असतं, पंपाची झीज लपते. अर्धा तास खोदायला लावा. मग हात पूर्ण उचलून इंजिन बंद करा आणि दहा मिनिटं थांबा, खाली कोणी उभं राहू नका. हात बोटभर उतरला तर चालेल, वीतभर उतरला तर सील नाहीतर व्हॉल्व्ह गेलाय. त्यानंतर बकेट जमिनीला टेकवून हात उजवीकडे-डावीकडे हलवा आणि ज्या मोठ्या पिनेवर तो वळतो तिथे किती ढिलाई आहे ते बघा. बकेटच्या बुश बदलणं स्वस्त असतं. ही पीन ज्या घरात बसते ते घरच अंडाकृती झालं असेल तर ते लेथवर नेऊन भरून घ्यावं लागतं. शेवटी ट्रॅक्टरच्या पोटाखाली शिरा आणि क्लचच्या कवचाच्या सांध्यावर टॉर्च मारा: ताजं वेल्डिंग, नवे बोल्ट किंवा तेलाचा ओला पट्टा दिसला तर मालकाने फक्त रंग मारलेला भाग तुम्हाला आधी दाखवला होता.